गेन सोडला, आवाज सुधारला
रायपूरच्या तात्यापारा भागात असो की तुमच्या गावी, घरी जोडलेल्या एलएम386 अॅम्प्लिफायरचा आवाज फाटला की तुम्ही नवी आयसी आणायला धावता. थांबा, आधी इतिहास पाहा.

2 ऑगस्ट 1927. हडसन नदीवरच्या फेरीबोटीत हॅरॉल्ड ब्लॅक यांनी हातातल्या वर्तमानपत्रावरच आकृती काढली: आउटपुटचा अंश उलटा करून इनपुटला द्यायचा. गेन घटतो, पण डिस्टॉर्शनही घटते. मुद्दाम गेन घालवायचा! पेटंट मिळायला 1937 उजाडले.

तुमच्या आयसीतही तेच आहे. पिन 1 आणि 8 मधला 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढा. गेन 200 वरून 20 वर येतो, फीडबॅक वाढतो. आवाज लहान होईल, तो चालवून घ्या. स्पीकर उघडा असेल तर खोक्यात बसवा, कारण मागची ध्वनिलहर पुढचा बेस खाते.