प्रश्न विचारणाऱ्या राजाचं कॉलेज

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचे अब्बा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य गेलं, पुढे शाळांची भाषाही बदलली. अब्बा म्हणायचे, "बेटा, फळ्यावरची जबान बदलली; पण वर्गात मान खाली घालून बसायची रीत तीच राहिली." कॉलेज बदलायचं म्हणजे नेमकं काय बदलायचं, हा प्रश्न माझ्या मनात तिथूनच आला. त्याचं एक उत्तर औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयाच्या रूपानं उभं आहे.

त्या वेळचा मराठवाडा आठवा. १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादला. तिथलं शिक्षण उर्दूतून. औरंगाबादेत सोय होती ती इंटरपर्यंतची. उर्दू ही माझ्या घरची भाषा, तिच्यावर माझा जीव आहे. पण मराठी बोलणाऱ्या शेतमजुराच्या मुलाला ती परकीच होती. आणि तो मुलगा दलित असेल, तर भाषेच्या आधी उंबरठाच आडवा येई.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं आणि १९५० मध्ये औरंगाबादचं कॉलेज. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे कॉलेजला नाव मिळालं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन.

ही नावं सहज ठेवलेली नाहीत. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. नागसेन हा बौद्ध भिक्खू. दोघांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. वाद सुरू होण्याआधी नागसेन राजाला एक अट घालतो : तू पंडितासारखा बोलणार असशील तर मी बोलेन, राजासारखा बोलणार असशील तर नाही. कारण पंडिताला त्याची चूक दाखवली तर तो रागावत नाही. राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा देतो. मिलिंद ती अट मान्य करतो. कॉलेजला नाव दिलं गेलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं आणि उत्तर पटलं तर मान्य करणाऱ्याचं.

पण नुसत्या नावानं रीत बदलत नाही. ती बदलायला माणसं लागतात. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं. ज्यांच्या आजोबांना देवळाबाहेर उभं केलं जाई, त्यांची नातवंडं रंगमंचावर उभी राहून आपलाच इतिहास सांगू लागली. पुढे म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख त्यांनी इथल्या तरुणांना करून दिली. गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' १९६० च्या दशकाच्या अखेरीस याच वातावरणातून निघालं. वसतिगृह, ग्रंथालय, रंगमंच आणि नियतकालिक अशा चार ठिकाणी मुलांना बोलायला जागा मिळाली. दलित साहित्याची मोठी पायवाट तिथून गेली.

त्याच गावात दुसरं चित्रही दिसलं. १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरं जळाली, माणसं मारली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. विद्यापीठाच्या नावाचा वाद पंडितांच्या रीतीनं झाला नाही, राजांच्या रीतीनं झाला. त्याची किंमत ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनी मोजली.

मी बी.ए. झालो तो दुसऱ्याच एका कॉलेजातून. मराठीच्या तासाला एकदा उभा राहिलो आणि विचारलं, "सर, 'योगसंग्राम' लिहिणारे शेख महंमद आपल्या अभ्यासात का नाहीत?" सर म्हणाले, "परीक्षेला नाहीत. बस खाली." वर्ग हसला. मी बसलो. त्यानंतर तीन वर्षांत वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. सर वाईट नव्हते. त्यांच्या सरांनीही त्यांना असंच बसवलं असणार.

आता कवितावाचनासाठी मला कॉलेजांत बोलावतात. प्राचार्य नवी इमारत दाखवतात, संगणक दाखवतात, मूल्यांकनात मिळालेली श्रेणी सांगतात. मला आनंदच होतो. पण वाचन संपलं की मी शेवटच्या बाकाकडे बघून विचारतो, "कुणाला काही विचारायचंय?" बहुतेक वेळा सगळी मुलं आधी सरांच्या तोंडाकडे बघतात. मध्यंतरी एका तालुक्याच्या गावी एक मुलगी सरांकडे न बघताच उठली आणि म्हणाली, "तुमची दुसरी कविता मला पटली नाही." सर गडबडले. मी म्हटलं, "बोल बेटा, का नाही पटली?"

ती दहा मिनिटं बोलली. त्यातलं निम्मं मला मान्य करावं लागलं.