कप्तानाच्या मागची घडीची खुर्ची

श्रोतेहो, एस. टी.ने जाता-येता आपण एक गोष्ट पाहिली असेल. काम संपवून गावी निघालेला दुसरा एखादा ड्रायव्हर गाडीत चढतो, गाडी हाकणाऱ्याला रामराम घालतो आणि पुढेच कुठेतरी टेकतो. दोघे एकाच धंद्यातले; कुणाची पाठ कशाने दुखते हे दोघांनाही ठाऊक. विमानांच्या जगातही असाच एक रिवाज आहे. फरक इतकाच, की तिथे बसणारा आणि बसवून घेणारा पुष्कळदा दोन वेगळ्या कंपन्यांचे नोकर असतात, आणि त्या कंपन्या एकमेकींच्या तोंडचा घास पळवायला टपलेल्या असतात. या रिवाजाचे माहेर म्हणजे अमेरिका. तिथे त्याचे काय काय झाले, ते आज पाहू.

विमानाच्या नाकाशी वैमानिकांची खोली असते. तिला कॉकपिट म्हणतात. पुढे दोन वैमानिक शेजारी-शेजारी बसतात आणि त्यांच्या मागे घडी घालून ठेवता येईल अशी एक खुर्ची असते. हीच जंपसीट. जुन्या काळच्या बग्गीत अशी घडीची बैठक असे, तिथूनच हे नाव आले. ही खुर्ची तपासनिसाच्या कामाची. पण ती रिकामी असली, तर घरी किंवा कामावर निघालेल्या दुसऱ्या वैमानिकाला तीवर बसता येते. पैसे पडत नाहीत. तिकडे पुष्कळ वैमानिकांचे बिऱ्हाड एका शहरात आणि नोकरीचे ठाणे शेकडो मैलांवर दुसऱ्या शहरात. तेव्हा ही खुर्ची मिळाली तर रात्रीचे जेवण मुलाबाळांत, नाही तर विमानतळावरच्या बाकावर!

आता या पाहुण्याने वागावे कसे? पहिला नियम असा, की खुर्ची हक्काने मागायची नाही. ओळखपत्र व परवाना दाखवायचा, कप्तानापुढे उभे राहून नम्रपणे विचारायचे. कप्तान ‘नाही’ म्हणाला की विषय संपला. विमानावर शब्द त्याचा. बसायला मिळाले तर दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचे नाही. विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना कामावाचून बोलायचे नाही. हा तर १९८१ पासून तिथला सरकारी नियमच आहे. मात्र धोका दिसला तर मुकाट बसायचे नाही, तोंड उघडायचे. आणि उतरताना आभार मानल्यावाचून जायचे नाही.

१९७८ साली अमेरिकेत एक मोठा फेरबदल झाला. तोवर कोणत्या कंपनीने कुठे उडायचे आणि भाडे किती घ्यायचे, हे सरकार ठरवीत असे. त्या वर्षीच्या कायद्याने ही बंधने सैल होत गेली. भाडी उतरली, नव्या कंपन्या निघाल्या, चुरस लागली. आणि चुरशीचा भार शेवटी पगारावर आला.

सप्टेंबर १९८३ मध्ये कॉन्टिनेन्टल नावाच्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कामगारांशी झालेले करार बाजूला सारून तिने तीनच दिवसांत विमाने पुन्हा सुरू केली, ती जवळजवळ निम्म्या पगारावर. १ ऑक्टोबरला वैमानिकांनी संप पुकारला. काही संपावर गेले, काही कामावर राहिले, काही बाहेरून नवे आले. हा संप दोन वर्षे चालला. पुढे १९८५ मध्ये युनायटेड कंपनीत आणि १९८९ मध्ये ईस्टर्न कंपनीत संप झाले. ईस्टर्न तर जानेवारी १९९१ मध्ये कायमची बंद पडली.

संप मिटले, पण मने मिटली नाहीत. संप मोडणाऱ्यांच्या नावांच्या याद्या निघाल्या. कित्येक कप्तान त्या जवळ बाळगीत. कुणी खुर्ची मागायला आला की आधी यादीत नाव पाहायचे. सापडले तर जागा नाही. आपल्याकडे गाव एखाद्याला वाळीत टाकते ना, तसेच हे झाले. संपवाल्यांचे म्हणणे असे, की ज्याने आमच्या पोटावर पाय दिला त्याला आम्ही शेजारी का बसवावे? कामावर राहिलेला म्हणे, माझ्याही घरी चूल होती. दोघांचेही दुःख खरे होते. कप्तानाला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क दिला होता तो विमान सुरक्षित राहावे म्हणून. तोच हक्क आता जुना हिशेब चुकता करण्याच्या कामी आला.

आणि ‘नाही’ म्हणण्याचा हक्क खरोखर लागतो, हेही दिसून आले. ७ एप्रिल १९९४ रोजी फेडएक्स कंपनीचे मालवाहू विमान मेम्फिसहून निघाले. पाहुणा म्हणून बसला होता त्याच कंपनीचा एक विमान-अभियंता. त्याच्यावर चौकशी चालू होती. वाटेत त्याने सामानातून हातोडे काढले आणि तिघा चालकांची डोकी फोडली. रक्तबंबाळ झालेल्या त्या तिघांनी झुंज देऊन त्याला आवरले आणि विमान परत आणून उतरवले. म्हणजे घात केला तो परक्या कंपनीच्या माणसाने नव्हे, घरच्याने!

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर तर कॉकपिटची दारे भक्कम झाली, आणि परक्या कंपनीच्या वैमानिकांना ही खुर्ची बंद झाली. काही वर्षांनी संगणकावर ओळख पटवण्याची सोय आली, तेव्हा ती पुन्हा मिळू लागली. तरी यंत्राला माणसाचे मन वाचता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हॉरायझन कंपनीच्या विमानात मागे बसलेल्या अलास्का कंपनीच्या वैमानिकाने दोन्ही इंजिने बंद पाडणाऱ्या दांड्यांना हात घातला. चालकांनी त्याला वेळीच रोखले, म्हणून अनर्थ टळला.

मग हा रिवाज मोडूनच का टाकू नये? याचे उत्तर इंडोनेशियात मिळते. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे एक विमान बालीहून जकार्ताला निघाले आणि पुनःपुन्हा आपोआप नाक खाली घालू लागले. कॉकपिटमध्ये त्या दिवशी एक तिसरा वैमानिक प्रवास करीत होता. दोघे यंत्राशी झगडत असताना त्याच्या तिसऱ्या नजरेची मदत झाली. शेपटीकडचा पंख फिरवणाऱ्या मोटारीची वीज तोडली आणि विमान सुखरूप पोहोचले. दुसऱ्या दिवशी तेच विमान दुसऱ्या वैमानिकांच्या हाती गेले. मूळ दोष यंत्राचा होता. पण तो तिसरा वैमानिक आज मागे नव्हता. विमान समुद्रात कोसळले आणि १८९ माणसे गेली.

तेव्हा श्रोतेहो, पाहुण्याची ओळख नीट पारखावी, मनात शंका आली तर ‘नाही’ म्हणावे. त्यात गैर काही नाही. पण जुन्या भांडणापायी जागा नाकारताना कप्तानाने एवढे ध्यानात ठेवावे, की त्याच्या मागे शेपन्नास उतारू बसलेले असतात. त्यांना दोन कंपन्यांचे वैर ठाऊक नसते. त्यांना घरी पोहोचायचे असते.