टाळेबंदी आणि मनोविकारांवरील उपचार

महासाथीने सगळ्यांच्याच मनावर ताण आणला. पण ज्यांचे मनोविकारावरील उपचार आधीपासून चालू होते, त्यांचे काय झाले, हा स्वतंत्र प्रश्न आहे. 'त्यांना इतरांहून जास्त त्रास झाला' एवढ्याने त्याचे उत्तर पुरे होत नाही. सक्तीच्या विलगीकरणात अशा व्यक्तीवर तीन कारणे एकाच वेळी काम करतात: घरात कोंडले जाणे, साथीची भीती आणि उपचारांत पडणारा खंड. या तिन्हींची गल्लत झाली की उपायही चुकतो. यांतले तिसरे कारण सर्वांत घातक आहे आणि टाळणे सर्वाधिक शक्य आहे तेही तेच, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. कोंडले जाणे

विलगीकरणाच्या मानसिक परिणामांवरील आधीच्या संशोधनाचा आढावा 'लॅन्सेट'ने फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना पूर्वी मनोविकार होता, त्यांच्यात विलगीकरण संपल्यावर ४ ते ६ महिन्यांनीही चिंता आणि संताप आढळतो, अशी नोंद त्यात आहे. यावरून कोव्हिडच्या टाळेबंदीत या रुग्णांची लक्षणे झपाट्याने वाढतील, अशी अपेक्षा होती.

नेदरलँड्समधील अभ्यासाने मात्र वेगळे चित्र दाखवले. नैराश्य, चिंताविकार किंवा मंत्रचळ असलेल्या आणि नसलेल्या १,५१७ व्यक्तींची एप्रिल-मे २०२० मध्ये पाहणी झाली. त्यांच्या साथीपूर्वीच्या नोंदी हाती असल्याने तुलना शक्य होती. रुग्णांची लक्षणे इतरांपेक्षा जास्तच होती, पण टाळेबंदीमुळे ती सरासरीने वाढली नव्हती. वाढली होती ती आधी निरोगी असलेल्यांची.

याचा अर्थ टाळेबंदी रुग्णांना मानवली, असा नाही. गर्दी, समारंभ, कचेरी हे सारे थांबले की चिंतेने ग्रासलेल्या माणसाला तात्पुरते हायसे वाटते. पण टाळत राहण्यानेच चिंताविकार मुरतो. भीतीच्या प्रसंगाला थोडेथोडे सामोरे जाणे हा त्यावरचा उपचार आहे आणि घराबाहेर पडून दिनक्रमाला लागणे हा नैराश्यावरचा. दोन्ही बंद पडले. लक्षणांची मोजपट्टी ही पीछेहाट लगेच दाखवत नाही. शिवाय हे निष्कर्ष स्किझोफ्रेनियाला किंवा एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या वस्तीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

२. साथीची भीती

भीतीचा परिणाम आजारागणिक बदलतो. हात सतत धुणे हे मंत्रचळाचे लक्षण. पण २०२० मध्ये तोच शासनाचा आदेश झाला. जी कृती कमी करण्यासाठी रुग्ण महिनोन्महिने झटला, तिलाच आता प्रतिष्ठा मिळाली. संशयाचे भ्रम असलेल्यांची अडचण निराळी होती. मार्च २०२० पासून महाराष्ट्रात गृह विलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. आपल्यावर पाळत आहे असे ज्याला आजारामुळे वाटते, त्याला त्या शिक्क्याने पुरावाच दिला. द्विध्रुवीय विकारात झोपेची आणि दिनक्रमाची लय बिघडणे हेच उन्मादाचा झटका ओढवून घेऊ शकते. टाळेबंदीने ती लय मोडली.

३. उपचारांतला खंड

२५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. दवाखाने आणि औषधांची दुकाने कागदावर उघडीच होती, पण तिथे पोहोचायचे कसे? महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चारच आहेत: पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. एसटीची आंतरजिल्हा सेवा २० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली. खासगी वाहनाने जिल्हा ओलांडण्यासाठी लागणारा ई-पास २ सप्टेंबरपर्यंत कायम होता. तालुक्याहून दर महिन्याला जिल्ह्याच्या ओपीडीत येऊन गोळ्या नेणाऱ्या कुटुंबाला हे अंतर ओलांडणे जवळजवळ अशक्य होते.

गोळ्या चुकल्या तर काय होते, हे औषधागणिक पाहावे लागते. लिथियम अचानक बंद केले की उन्माद उलटण्याचा धोका पुढच्या काही आठवड्यांत वाढतो. ते चालू ठेवायचे तर रक्तातली पातळी साधारणपणे लिटरला ०.६ ते १ मिलिइक्विव्हॅलंट राखावी लागते. ती तपासल्याविना नुसत्या गोळ्या देणेही सुरक्षित नाही. क्लोझापिन हे इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचे औषध. ते ४८ तासांहून जास्त चुकले तर जुना डोस एकदम देता येत नाही; १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावे लागते. याने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून ताप आला की तो साथीचा की औषधाचा, हे रक्ततपासणीशिवाय ठरवता येत नाही. विडी-सिगारेट तुटली तरी क्लोझापिनची रक्तातली पातळी चढते, कारण धुरामुळे यकृतात हे औषध जलद विघटित होत असते. पानटपऱ्या बंद करणाऱ्या आदेशाचा एखाद्या रुग्णाच्या डोसाशी असा थेट संबंध होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये १३० देशांची पाहणी केली. ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या अत्यावश्यक सेवा खंडित झाल्या होत्या किंवा थांबल्या होत्या.

४. संस्थेतले रुग्ण

दक्षिण कोरियातील छाँगदो येथील देनाम रुग्णालयात फेब्रुवारी २०२० मध्ये मनोविकार विभागातील जवळजवळ सर्व रुग्णांना लागण झाली. त्या देशातला पहिला कोव्हिड मृत्यू तिथल्याच, अनेक वर्षे आत असलेल्या रुग्णाचा होता. जिथे माणसे आधीच जगापासून तोडलेली असतात, तिथे बंद दार साथीपासून वाचवत नाही. दाटी आणि दुर्लक्ष साथीला वाट देतात.

५. उपाय

२५ मार्च २०२० लाच दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि फोनवरून सल्ला देण्याला नियमांची चौकट मिळाली. २०२२ पासून 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही आहे. यांचे मोल मोठे आहे. पण घरात एकच फोन, त्याभोवती सारे कुटुंब. अशा वेळी सासरच्यांबद्दल किंवा आत्महत्येच्या विचारांबद्दल कोणती बाई मोकळेपणाने बोलेल? आणि फोनवरून रक्त तपासता येत नाही.

म्हणून तयारी आधीच हवी. स्थिर रुग्णांना तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. जिथे आत्महत्येचा धोका आहे, तिथे त्या नातेवाइकाच्या ताब्यात असाव्यात. लिथियम आणि क्लोझापिनवरील रुग्णांची तालुकावार यादी ठेवून रक्ताचे नमुने प्राथमिक आरोग्य केंद्रातच घ्यावेत. डॉक्टरांची चिठ्ठी हाच प्रवासाचा परवाना मानावा. वैद्यकीय नियमही लवचीक होऊ शकतात: २०२० मध्येच तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने क्लोझापिनवर वर्षभराहून अधिक काळ स्थिर असलेल्यांची रक्ततपासणी तीन महिन्यांतून एकदा केली तरी चालेल, अशी शिफारस केली.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार आवश्यक यादीतील औषधे शासकीय आरोग्यसंस्थांत सर्व काळ मोफत मिळायला हवीत. 'सर्व काळ' यात साथीचा काळही येतो. मधुमेह्याचे इन्सुलिन थांबवण्याचा विचार कोणतेही प्रशासन करणार नाही. मनोविकाराच्या गोळीला तोच दर्जा द्यायला हवा. कोंडले जाणे आणि भीती या गोष्टी साथीसोबत येतात, पण उपचार तुटतात ते आपल्या नियोजनातून ही माणसे वगळली गेल्यामुळे. पुढच्या साथीच्या आराखड्यात त्यांची नोंद पहिल्या दिवसापासून असली पाहिजे.