बारा आठवड्यांची छावणी

दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत ब्रिटनच्या मजूरखात्यानें एक विलक्षण प्रयोग केला. ज्यांना वर्षानुवर्षें काम मिळालें नव्हतें अशा माणसांना घरापासून दूर रानांत न्यावयाचें, तेथें बारा आठवडे कुदळ-फावडें चालवावयास लावावयाचें, आणि अशा रीतीनें त्यांना पुन्हां कामास लायक करावयाचें, असा तो प्रयोग होता. १९२९ ते १९३९ या दहा वर्षांत सुमारें दोन लक्ष माणसें या छावण्यांतून गेलीं. खुद्द ब्रिटनमध्यें देखील आज त्यांची आठवण थोड्यांनाच आहे. परंतु काम गेलेल्या माणसाचें नेमकें काय बिघडतें, हा प्रश्न त्या छावण्यांच्या हकीकतींत जितक्या स्पष्टपणें दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसेल. म्हणून आज ती हकीकत श्रोत्यांपुढें ठेवीत आहें.

पहिलें महायुद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत ब्रिटनचे जुने धंदे खचूं लागले. दक्षिण वेल्सचा कोळसा, टाइन नदीवरील जहाजें, लँकेशायरचें कापड, यांचें परदेशी गिऱ्हाईक तुटत चाललें. लँकेशायरचा माल पडून राहण्यांत आमच्या मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांचा व स्वदेशीच्या चळवळीचाहि वांटा होता, हें जातां जातां सांगितलें पाहिजे. १९३३ च्या आरंभीं बेकारांचा आंकडा तीस लाखांच्या घरांत गेला. जॅरो या गांवीं जहाजांचा कारखाना बंद पडला, तेव्हां गांवाचें पोटच गेलें. १९३६ च्या ऑक्टोबरांत तेथील दोनशें माणसें पायीं चालत लंडनला गाऱ्हाणें घेऊन गेलीं.

अशा गांवांतील माणसांना जेथें काम आहे तेथें हलवावें, हा सरकारचा पहिला विचार. परंतु दीर्घकाळ रिकामी बसलेलीं माणसें अंगानें मऊ पडलीं आहेत, त्यांना पहांटे उठण्याची व हुकूम पाळण्याची संवय राहिलेली नाहीं, असें अधिकाऱ्यांचें मत पडलें. त्यावर उपाय म्हणून छावण्या निघाल्या. स्कॉटलंडमध्यें ग्लेनब्रँटर, उत्तर इंग्लंडांत किल्डर व हॅम्स्टर्ली अशा ठिकाणीं, बहुतेक सरकारी वनखात्याच्या जमिनीवर, पत्र्याच्या झोपड्या उभारण्यांत आल्या. झाडें तोडावयाचीं, चर खणावयाचे, दगड फोडावयाचे, रस्ते बांधावयाचे. जेवण पोटभर असे. आठवड्याला हातखर्चास कांहीं शिलिंग मिळत. या शिक्षणाला सरकारी कागदांत जो शब्द वापरीत त्याचा अर्थ जुन्या यंत्राची दुरुस्ती असा होतो. शब्द निवडणाऱ्याला आपण काय बोलून गेलों याची जाणीव नसावी.

बेकारांच्या चळवळीचे पुढारी वॉल हॅनिंग्टन यांनीं यांना गुलामांच्या छावण्या म्हटलें. माझ्या मतें हें अतिशयोक्तीचें आहे. दारावर पहारा नव्हता, आणि पुष्कळ माणसें मुदतीपूर्वींच निघून जात. मात्र मदत बंद होण्याची टांगती भीति असतां ज्याला स्वेच्छा म्हणतात ती कितपत खरी, हा प्रश्न राहतोच. छावणींत राहून अंग भरे, छाती रुंदावे; पण धंदा असा कोणताच हातीं येत नसे. मुदत संपली कीं तो मनुष्य आपल्या त्याच बंद खाणीच्या गांवीं परत जाई, आणि पूर्वींच्याच रांगेंत उभा राही. त्याच खात्याचीं दुसरीं केंद्रें होतीं. तेथें सुतारकाम, गवंडीकाम, यंत्रजोडणी असे धंदे शिकवीत. तेथून बाहेर पडलेल्यांपैकीं बहुतेकांना काम मिळे. अर्थात् ज्यांना मिळण्याजोगें असेल त्यांनाच तेथें घेत, हेंहि विसरतां कामा नये.

मग रिकामेपणानें बिघडतें तें काय? याचें उत्तम निरीक्षण ब्रिटनमध्यें नव्हे, तर व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल नांवाच्या खेड्यांत झालें. तेथील कापडाचा कारखाना बंद पडून सारा गांव बेकार झाला होता. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल या तरुण संशोधकांनीं १९३१-३२ मध्यें त्या गांवाचा अभ्यास केला. त्यांचें पुस्तक १९३३ सालीं निघालें. वेळ मुबलक झाला म्हणजे लोक अधिक वाचतील असें आपणांस वाटेल. प्रत्यक्षांत वाचनालयांतून पुस्तकें नेण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें, आणि तेंहि वर्गणी माफ केली असतांना! बहुतेक पुरुषांनीं घड्याळ बाळगणें सोडून दिलें. संशोधकांनीं खिडकींत बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली: पुरुष सावकाश चालत, वाटेंत पुन्हां पुन्हां थांबत, बायका भरभर जात, कारण स्वयंपाक, धुणें, मुलें हीं त्यांचीं कामें कारखान्याबरोबर बंद पडलीं नव्हतीं. सकाळपासून दुपारपर्यंत काय केलें, हें पुरुषांना सांगतां येत नसे.

यावरून पाहतां छावणीनें एक गोष्ट खरोखर दिली असें म्हटलें पाहिजे: ठरलेली घंटा आणि चार सोबती. पण तीहि बारा आठवड्यांपुरतीच.

१९३९ त युद्ध सुरू झालें आणि छावण्या बंद झाल्या. पुढें दारूगोळ्याच्या कारखान्यांना इतके हात लागले कीं १९४३ सालीं बेकारांची संख्या लाखाच्याहि खालीं गेली. जीं माणसें कामास नालायक म्हणून कागदोपत्रीं लिहिलीं गेलीं होतीं, त्यांतील कितीतरी यंत्रांपुढें उभीं राहिलीं. मध्यें त्यांच्या दुरुस्तीसाठीं कोणी वेगळें कांहीं केलें नव्हतें. त्याच सुमारास, १९४१ मध्यें, मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या योजनेप्रमाणें हिंदुस्थानांतील तरुण कारागिरांच्या तुकड्या इंग्लंडला गेल्या व लेचवर्थ येथील सरकारी केंद्रांत यंत्रकाम शिकूं लागल्या. परत आल्यावर त्यांनीं येथील कारखान्यांतून काम करावें असा त्या योजनेचा हेतु होता.