कार्ड परत मिळतं, पण जिन्नस? अमेरिकेतल्या फूड स्टॅम्पचा इतिहास

आजचा विषय तसा छोटा वाटेल. सरकारकडून अन्नासाठी मिळणारं कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं, तर पुढं काय होतं? कुणी म्हणेल, यात इतिहास कसला? अर्ज करायचा आणि दुसरं कार्ड घ्यायचं. पण या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. एक, कार्ड परत कसं मिळतं. आणि दोन, मधल्या काळात कुणी त्या कार्डावर खरेदी करून मोकळं झालं असेल, तर तो भुर्दंड कुणाच्या माथी? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नियमांच्या पुस्तकात मिळतं. दुसऱ्यासाठी मात्र इतिहासात जावं लागतं. त्यासाठी मी उदाहरण घेतलं आहे अमेरिकेचं.

सुरुवात करू १९३९ पासून. मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात फूड स्टॅम्पची पहिली योजना सुरू झाली. महामंदी अजून सरली नव्हती. एकीकडे शेतमाल पडून होता, भाव कोसळले होते, आणि दुसरीकडे शहरातल्या बेकार माणसांकडे तो घ्यायला पैसे नव्हते. हेन्री वॉलेस तेव्हा कृषिमंत्री होते. त्यांच्या खात्यानं काढलेली युक्ती अशी: सरकारी मदतीवर असलेल्या कुटुंबानं एरवी अन्नावर खर्च होतील तेवढ्या पैशांची नारिंगी तिकिटं विकत घ्यायची. दर एका डॉलरच्या नारिंगी तिकिटांमागे पन्नास सेंटची निळी तिकिटं फुकट. नारिंगीवर काहीही खाद्यपदार्थ घ्या, निळीवर मात्र सरकारनं 'जास्तीचा माल' म्हणून जाहीर केलेलेच जिन्नस. म्हणजे ही योजना गरिबांइतकीच शेतकऱ्यांचीही होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण हे अन्नसाहाय्य पुढंही कायम कृषिखात्याकडेच राहिलं.

युद्ध आलं, बेकारी गेली, जास्तीचा माल संपला, आणि १९४३ मध्ये योजना बंद पडली. मग १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी ती प्रायोगिक तत्त्वावर पुन्हा सुरू केली. सुरुवात वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅक्डॉवेल परगण्यातून झाली, कोळशाच्या खाणींच्या मुलखातून. १९६४ मध्ये जॉन्सन यांच्या काळात कायदा झाला. पण कूपनांसाठी आधी थोडे पैसे भरण्याची अट तशीच राहिली. ज्याच्याकडे ते थोडेसुद्धा नाहीत, त्यानं काय करायचं? ती अट १९७७ च्या कायद्यानं काढली आणि १९७९ पासून कूपनं पूर्णपणे मोफत झाली.

आता ही कूपनं डोळ्यांसमोर आणा. एक, पाच आणि दहा डॉलरची, नोटांसारखी छापलेली, छोट्या पुस्तिकांत बांधलेली. नोटांसारखी असल्यामुळे नोटांचे सगळे दोष त्यांच्यात होते. टपालातच गहाळ झाली तर बदली मिळायची सोय होती. पण हातात पडल्यावर कुठं राहून गेली, हरवली, तर ती गेलीच. पाकीट हरवल्यावर त्यातल्या नोटा कोण भरून देतं? तोच न्याय. शिवाय कूपनांचा चोरटा बाजार होता, तिथं ती दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात विकली जायची. आणि दुकानात रांगेत उभं राहून कूपनं फाडून देताना मागच्या माणसाची नजर पाठीवर असायची, ते वेगळंच.

या सगळ्यावर उपाय म्हणून कार्ड आलं. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या रीडिंग शहरात पहिला प्रयोग झाला. १९९३ पर्यंत मेरीलँड राज्यात ते सगळीकडे लागू झालं. बँकेच्या कार्डासारखंच प्लास्टिकचं कार्ड, पाठीवर काळी चुंबकीय पट्टी आणि चार आकडी पिन. दर महिन्याला ठरल्या तारखेला खात्यात रक्कम जमा होते आणि दुकानात कार्ड घासून ती खर्च करायची. इथं एक मोठा फरक पडला. कूपन म्हणजे साक्षात पैसा होता. कार्ड म्हणजे पैसा नव्हे, ती नुसती किल्ली आहे. पैसा खात्यात असतो. त्यामुळे कार्ड हरवलं तरी शिल्लक तशीच राहते आणि नवं कार्ड त्याच खात्याला जोडता येतं. गरीब कुटुंबासाठी ही फार मोठी सोय होती, हे मान्य केलंच पाहिजे.

नियम असा आहे. कार्ड हरवलं की त्या राज्याच्या फोन क्रमांकावर कळवायचं. कळवल्याबरोबर जुनं कार्ड बंद. त्यानंतर त्या खात्यातून कुणी काही काढलंच, तर ती जबाबदारी राज्याची. नवं कार्ड कामकाजाच्या दोन दिवसांत मिळालं पाहिजे, आणि जिथं सगळी कार्डं एकाच ठिकाणाहून टपालानं जातात तिथं पाच दिवसांपर्यंत. तुम्ही म्हणाल, चांगलं आहे की! आहेच. पण 'कळवल्यानंतर' हा शब्द पकडून ठेवा. कळवण्यापूर्वी गेलं त्याचं काय?

इथं आपण १९९० च्या दशकात येतो. बँकेच्या कार्डांसाठी अमेरिकेत १९७८ चा एक कायदा आहे. कार्ड चोरीला गेल्याचं समजल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान जास्तीत जास्त पन्नास डॉलर. बाकीचं बँकेनं सोसायचं. १९९४ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनं, म्हणजे फेडरल रिझर्व्हनं ठरवलं की हेच संरक्षण सरकारी मदतीच्या कार्डांनाही द्यायचं. अंमलबजावणीसाठी १९९७ पर्यंत मुदत दिली. राज्य सरकारांनी तक्रार सुरू केली. हा खर्च आम्ही कुठून करायचा, आणि लोक चोरीच्या खोट्या तक्रारी करायला लागले तर?

ऑगस्ट १९९६ मध्ये क्लिंटन यांनी कल्याणकारी योजनांच्या फेररचनेचा कायदा मंजूर केला. या एकाच कायद्यातल्या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिली, सगळ्या राज्यांनी २००२ पर्यंत कागदी कूपनं सोडून कार्डावर यायचं. दुसरी, बँक ग्राहकाला मिळणारं संरक्षण या कार्डांना लागू नाही. तिसरी, बदली कार्डाचं शुल्क राज्य त्या कुटुंबाच्या अन्नाच्या रकमेतूनच कापून घेऊ शकतं. म्हणजे कार्ड सक्तीचं झालं, आणि त्या कार्डाची जोखीम कार्डधारकाच्या गळ्यात पडली. एकाच रांगेत, एकाच यंत्रावर दोन माणसं कार्ड घासतात. एकाचं बँकेचं, एकाचं अन्नसाहाय्याचं. चोर दोघांनाही लुबाडतो. पहिल्याला पैसे परत मिळतात, दुसऱ्याला मिळत नाहीत. आणि दुसरा कोण? ज्याच्याकडे महिन्याच्या किराण्यासाठी दुसरं काहीच नाही तो.

संशयाची ही भाषा नंतरही दिसते. २०१४ च्या शेती कायद्यात असं आलं की एखादं कुटुंब फारच वेळा बदली कार्ड मागत असेल, तर त्याच्याकडून खुलासा मागता येईल. 'फारच वेळा' म्हणजे बारा महिन्यांत किमान चार वेळा. कल्पना अशी की लोक कार्ड विकतात आणि मग हरवलं म्हणून सांगतात. तसं करणारे काही असतीलही. पण कार्ड सगळ्यात जास्त कोण हरवणार? ज्याला घर नाही, कुलूप नाही, कपाट नाही तो. कायदा करणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. म्हणून त्याच कलमात बेघर, अपंग आणि गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसांना सांभाळून घ्यावं, असंही लिहिलेलं आहे.

जून २००४ च्या सुमारास सगळी राज्यं कार्डावर आली. २००८ मध्ये योजनेचं नावही बदललं. फूड स्टॅम्प जाऊन 'स्नॅप' आलं. लोकांच्या तोंडी मात्र जुनंच नाव राहिलं, आपल्याकडे ऑफिसात 'शिधापत्रिका' आणि घरात 'रेशनकार्ड' असतं तसं.

आता शेवटचा टप्पा. आतापर्यंत चोरी म्हणजे कार्ड हातातून जाणं. ते गेलं की माणसाला कळत होतं आणि तो फोन करू शकत होता. २०२२ च्या आसपास चोरीची वेगळीच तऱ्हा मोठ्या प्रमाणावर दिसू लागली. दुकानातल्या कार्डाच्या यंत्रावर चोर एक पातळ, हुबेहूब दिसणारं आवरण बसवतात. ते पट्टीवरची माहिती आणि पिन दोन्ही टिपून घेतं. मग नकली कार्ड बनतं आणि महिन्याची रक्कम जमा झाली रे झाली की खातं साफ. खरं कार्ड बाईंच्या पर्समध्येच असतं. त्या दुकानात सामान भरून गल्ल्यापाशी येतात आणि शिल्लक शून्य दाखवते. तेव्हा चोरी कळते. मग आधी कळवायचं कसं? 'कळवल्यानंतर जबाबदारी राज्याची' हा नियम अशा चोरीत निकामी ठरतो.

बँकांनी २०१५ च्या सुमारास चिपची कार्डं आणली होती. चिपची नक्कल करणं फार अवघड. अन्नसाहाय्याची कार्डं मात्र जुन्या पट्टीवरच राहिली. बँकेचं नुकसान बँकेला सोसावं लागत होतं, म्हणून बँकेला चिप परवडली. इथं नुकसान दुसऱ्याचं होत होतं, मग घाई कुणाला असणार?

डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसनं एक तरतूद केली. १ ऑक्टोबर २०२२ पासून अशा रीतीनं चोरीला गेलेली रक्कम केंद्राच्या पैशातून भरून द्यायची. मर्यादा होत्या: जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या मदतीइतकी रक्कम, आणि वर्षात दोनच वेळा. तरी १९९६ नंतर पहिल्यांदा देशभर मान्य झालं की नुसतं प्लास्टिक बदलून भागत नाही, गेलेलं अन्नही भरून द्यावं लागतं. मुदत सप्टेंबर २०२४ पर्यंत होती, ती २० डिसेंबर २०२४ पर्यंत वाढली, आणि मग संपली. त्यानंतरच्या चोरीसाठी केंद्राचे पैसे नाहीत. कॅलिफोर्नियानं २०२५ मध्ये चिपची कार्डं द्यायला सुरुवात केली, ही त्यातल्या त्यात बरी बातमी.

आपल्याकडची रचना वेगळी आहे. रेशनकार्ड हरवलं तर दुय्यम शिधापत्रिका मिळते, आणि कार्डावर रक्कम नसते, दुकानात धान्य असतं. आता तर अंगठा लावावा लागतो. पण पद्धत कुठलीही असो, आपण विचारायचा प्रश्न तोच आहे. नवं यंत्र येतं तेव्हा सांगितलं जातं की गळती थांबेल, चोरी थांबेल. ते खरंही असतं. पण यंत्र चुकलं किंवा फसलं, तर त्या महिन्याचं धान्य कुणी द्यायचं, हे नियमात लिहिलं आहे का? अमेरिकेत १९९६ मध्ये ते लिहिलं गेलं होतं, आणि उत्तर होतं: ज्याचं गेलं त्याचं गेलं. ते बदलायला सव्वीस वर्षं लागली, आणि बदल टिकला जेमतेम दोन वर्षं.

इथं थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.