उंबरठ्याची उंची

'ऑक्युपेशनल थेरपी'साठी मराठीत 'व्यवसायोपचार' हा शब्द रूढ झाला आणि ऐकणाऱ्याला नोकरीधंदाच आठवू लागला. वस्तुतः येथे अभिप्रेत आहे ते माणसाचा दिवस ज्याने भरतो ते सारे: अंघोळ, स्वयंपाक, जिना चढणे, शेजारी जाऊन बसणे. शब्दाच्या या घोटाळ्याकडे आम्ही दुर्लक्षही केले असते. पण या विद्येच्या इतिहासात घराला जे स्थान आहे, नेमके तेच त्यातून निसटते.

ब्रिटनमध्ये या विद्येची पहिली शाळा डॉ. एलिझाबेथ कॅसन यांनी १९३० साली ब्रिस्टल येथे, डॉर्सेट हाऊसमध्ये काढली. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी त्या लंडनच्या सदर्क भागात ऑक्टेव्हिया हिल यांच्या हाताखाली काम करीत. हिलबाईंचे कार्य गरिबांच्या घरांचे: डागडुजी करायची, भाडे गोळा करायचे, आणि त्या निमित्ताने आठवड्याला भाडेकरूच्या दारात उभे राहायचे. माणूस त्याच्या घरात पाहावा, ही दृष्टी कॅसन यांनी तेथूनच उचलली असावी, असे आम्हांस वाटते.

पुढे ही विद्या बव्हंशी रुग्णालयांत रमली. तिला घरी परत आणले ते कायद्याने. मँचेस्टरचे खासदार आल्फ मॉरिस यांनी खासगी विधेयक म्हणून मांडलेला, दीर्घकाळ आजारी व अपंग व्यक्तींविषयीचा कायदा मे १९७० मध्ये संमत झाला. गरजू अपंगाच्या घरात कठडा, रॅम्प, प्रसंगी टेलिफोनसुद्धा पुरवणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरले. 'जमल्यास' नव्हे, कर्तव्य. मग कोणाला काय हवे, हे ठरवायचे कोणी? त्यासाठी नगरपालिकांच्या समाजसेवा विभागांत व्यवसायोपचारतज्ज्ञ नेमले जाऊ लागले. त्यांनी उंबरठ्याची उंची मोजावी, खुर्चीतून उठताना हात आधार कुठे शोधतो ते पाहावे. पण निकड जोखणाऱ्यानेच तिजोरीचेही भान ठेवायचे, हा त्या नोकरीतला खरा पेच. कायदा बोलतो कर्तव्याची भाषा, आणि माणूस उभा असतो प्रतीक्षायादीत! इंग्लंडमध्ये प्रौढांपुरती ही जबाबदारी आता २०१४ च्या केअर अ‍ॅक्टखाली येते. पेच तोच आहे. असो.

मराठी शब्द ज्या मुंबईत रुळला, तेथे ही विद्या आणली कमला निंबकर यांनी. या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना त्या लेखिका जाई निंबकर यांच्या सासूबाई म्हणून ठाऊक असतील. १९५० साली त्यांनी केईएम रुग्णालयात शाळा सुरू केली. १९५२ साली जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. केईएम महापालिकेचे. म्हणजे तिकडेही स्थानिक संस्था आणि इकडेही. मात्र तिकडची घरात शिरली, इकडची रुग्णालयाच्या दारापाशी थांबली. १९९५ आणि २०१६ च्या कायद्यांनी अपंगांचे हक्क मान्य केले खरे. परंतु पक्षाघाताच्या रुग्णाला घरी आणल्यावर मोरीच्या कट्ट्याचे काय करायचे, हे अजून बहुधा घरची सून किंवा मुलगीच ठरवते.