चहाचे रोप, भिक्खू आणि श्रमिक

थेरी संघमित्रा यांनी बोधिवृक्षाची शाखा सिंहलद्वीपात नेली आणि ती अनुराधपूर येथे रुजली, हे महावंसातील वृत्त आमच्या वाचकांस परिचित आहे. धम्माच्या वाटेने वनस्पतींचेही स्थलांतर झाले. त्यांपैकी चहाच्या रोपाचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

आरंभीच एका दंतकथेचा परामर्श घेणे आवश्यक आहे. ध्यानात झोप येते म्हणून बोधिधर्माने आपल्या पापण्या कापून फेकल्या व त्यांतून चहाचे झुडूप उगवले, असे सांगतात. ही कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. बोधिधर्म चीनमध्ये गेला तो इ. स. च्या पाचव्या-सहाव्या शतकात. परंतु इ. स. पूर्व १४१ मध्ये मृत्यू पावलेल्या हान सम्राट जिंग याच्या दफनस्थळी सापडलेली पाने चहाचीच असल्याचे संशोधकांनी २०१६ मध्ये जाहीर केले. इ. स. पूर्व ५९ मधील वांग बाओ याच्या विनोदी करारलेखात एका दासाची कामे नोंदलेली आहेत. पेय उकळणे व ते बाजारातून विकत आणणे ही कामे त्यांत असून, ते पेय म्हणजे चहाच असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे चहाच्या लिखित इतिहासाच्या उंबरठ्यावरच एक दास उभा आहे.

चहावरील पहिला स्वतंत्र ग्रंथ आठव्या शतकात लू यू याने रचला. हा पोरका मुलगा बौद्ध विहारात वाढला होता. चहा खरबुजासारखा बी टोकून लावावा आणि तिसऱ्या वर्षी पाने खुडावीत, असे तो सांगतो. उपटून लावलेले झाड क्वचितच फोफावते, असेही त्याने नोंदविले आहे. यामागील कारण वनस्पतीच्या रचनेत आहे. बियांपासून वाढलेल्या रोपाचे सोटमूळ सरळ खोल जाते. ते दुखावले तर रोप जीव धरीत नाही. बियांचेही तसेच. ते सुकले की त्यांची उगवणशक्ती झपाट्याने नष्ट होते. सागरापार चहा नेणे म्हणूनच सोपे नव्हते.

जपानी भिक्खू एइसाई चीनहून ११९१ मध्ये परतले. त्यांनी आणलेले बी प्रथम क्यूशू बेटावर पेरले गेले, आणि काही बी त्यांनी क्योतोजवळील कोझान-जी विहाराचे भिक्खू म्योए यांना दिले, अशी परंपरा आहे. एइसाई झेन परंपरेचे, तर म्योए केगोन संप्रदायाचे. पंथभेद त्यांच्या आड आला नाही. कोझान-जीच्या परिसरातील चहाला पुढे 'खरा चहा' म्हणून मान मिळाला, आणि तेथून ही लागवड उजीकडे गेली असे मानले जाते. एइसाईंनी १२११ मध्ये चहाच्या आरोग्यगुणांवर ग्रंथही लिहिला.

एकोणिसाव्या शतकात हेच काम व्यापाराच्या हाती गेले. ईस्ट इंडिया कंपनीने १८४८ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून याला चीनमध्ये पाठविले. त्याने प्रथम पाठविलेली बहुतेक रोपे प्रवासात मेली. नंतर त्याने काचेच्या बंद पेट्यांतील मातीतच बी पेरले. ते वाटेतच उगवले आणि रोपे जिवंत पोहोचली. आज बहुधा एकपानी छाटकलमे रोपवाटिकेत, सावलीत, पॉलिथिनच्या पिशव्यांत वाढवितात. पावसाच्या आरंभी ती मुळांभोवतीच्या मातीसकट खड्ड्यात लावतात, बुंध्याशी आच्छादन घालतात आणि शेंडा छाटून झुडूप पसरू देतात. रोपाला सावली, ओल आणि अवधी दिल्याशिवाय ते रुजत नाही, हे मळेवाल्यांना पक्के ठाऊक होते.

मात्र ज्या हातांनी ती रोपे लावली, त्यांच्या वाट्याला हे काहीच आले नाही. आसामच्या मळ्यांवर छोटानागपूर व अन्य प्रदेशांतून आदिवासी आणि दलित श्रमिक नेण्यात आले. १८५९ च्या कायद्याने कराराचा भंग करून काम सोडणे हा शिक्षापात्र अपराध ठरविला. सिलोनमध्ये जेम्स टेलर याने १८६७ मध्ये १९ एकरांवर चहा लावला. पुढे तेथील मळे तमिळ श्रमिकांच्या कष्टांवर उभे राहिले. त्यांतील पुष्कळ जण अस्पृश्य मानलेल्या जातींचे होते. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील बहुसंख्य लोक राष्ट्रहीन झाले, आणि उरलेल्यांचा प्रश्न कायद्याने सुटण्यास २००३ साल उजाडले.

ज्या भूमीत बोधिवृक्षाची शाखा रुजली आणि चहाही रुजला, त्याच बौद्धबहुल भूमीत ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या उपरी राहिली. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु तो टाळण्यासाठी इतिहासातील हे पान गाळणे उचित नव्हे. विहाराच्या अंगणात बी पेरणाऱ्या म्योएंचे स्मरण करताना, मळ्याच्या उतारावर वाकलेल्या त्या अनाम स्त्री-पुरुषांचेही स्मरण व्हावे. मैत्री व करुणा यांची शिकवण आपण मानतो, तर चहाच्या प्याल्यामागील हा श्रमही आपल्या अभ्यासाचा विषय असला पाहिजे, असे आम्हांस वाटते.